मटारचं पाकीट

डॉक्टर बेंद्रेबाईंनी बोळा तासभर दाबून धरायला सांगितला.
थुंकायचं नाही, स्ट्रॉ लावायची नाही, बोलायचं तर नाहीच,
आणि माझ्या खालच्या दोन अक्कलदाढा
कागदाच्या पुडीत घालून आण्णांच्या हातात दिल्या,
प्रसाद द्यावा तशा.
रिक्षात त्यांनी पुडी वरच्या खिशात ठेवली,
बटण लावलं, वरून हात ठेवला
थेट कोपरखैरणे येईपर्यंत.

घरी दोन उशा एकावर एक.
'डोस्कं वर पायजे, म्हंजे ठणकत न्हाय.'
फ्रीजमधून मटारचं पाकीट निघालं,
त्यांच्या जुन्या पंच्यात गुंडाळलं.
मसाला मार्केटात अठ्ठावीस वर्षं खांद्यावर असलेला हा पंचा,
शंभरदा धुतला तरी त्याला धण्यांचा वास येतो.
दहा मिनिटं डाव्या गालाला, दहा मिनिटं उजव्या.
घड्याळाकडे बघत ते मोजत होते
गोण्या मोजाव्यात तसे, ओठ हलवत.

खालचा अर्धा ओठ माझा नव्हता.
महाप्याला मी दिवसभर बोलते त्याचा पगार मिळतो
आणि घरी येऊन फुकट बोलते.
दोन वर्षं आमची एकाच गोष्टीवरून जुंपलेली :
ही खोली विकायची, तळोज्याला टॉवरमध्ये जायचं.
मी आकडे मांडते, ते ताट सरकवतात.
आज ते ताट नव्हतं, आकडे नव्हते.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना,
तर तोंड दाबलेलं होतं
आणि पुढ्यात
वाटीभर पेज, तूप घालून, कोमट केलेली.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला.
'आगं, हुबेहूब कोंडाआत्या!' म्हणून ते इतके हसले
की शेजारचा कुकर थांबल्यासारखा वाटला.
मला हसता येईना. टाके ओढले जात होते.
डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं.

मिठाच्या गुळण्या, हळू, खळखळ न करता.
गोळी जेवणानंतर.
नारळपाणी त्यांनी पेल्यात ओतून आणलं, गाळून,
आणि नारळवाल्यानं दिलेली नळी
फळीवर उंच ठेवली, लहान पोरापासून लपवावी तशी.

उत्तर देणारं कुणी नाही म्हटल्यावर
आण्णा बोलायला लागले.
त्यांची दाढ दुखली होती एका दिवाळीला,
फुटलेल्या गोणीतल्या चार लवंगा दाढेखाली धरून
त्यांनी गाडी खाली केली होती.
मग पेजेवर फुंकर मारत, माझ्याकडे न बघता,
'टावराचं म्हणशील तर... माझी ना न्हाय.
त्या लिफ्टचं भ्या वाटतं.
जल्मभर वझं म्या वर न्हेलं.
मला कुणी उचलून वर न्यावं,
दार लावून,
त्ये काय जमत न्हाय बग.'

मी इतके दिवस
आईच्या आठवणी, हाताने बसवलेली फरशी, कोनाड्यातला देव
या सगळ्यांशी भांडत होते.
औषधाच्या चिठ्ठीमागे पेन टेकवलं,
बरंच काही लिहायचं होतं.
लिहिलं : मीठ कमी आहे.
ते वाचून ते उठले, मीठ घेऊन आले.

चौथ्या दिवशी तोंडात दोन बोटं मावायला लागली.
सकाळी, ते नळावर असताना,
मी हळूच स्वतःचं नाव म्हणून बघितलं.
आलं. जरा बोबडं, पण आलं.
संध्याकाळी पिस्त्याचा कप घेऊन ते उशाशी बसले,
लाकडी चमच्याने कड खरवडून मऊ करत.
मटार आता उसळीच्याच लायकीचे उरले होते.
'दुखतंय का अजून?'
मी मान हलवली, हो म्हणून.
उद्या एक दिवस तरी दुखू दे.
'बरं,' ते म्हणाले, चमचा पुढे केला,
'मग, कुठं आलो हुतो आपण?'